आईच्या सिरोंच्याला, आईला सोडून

लंडनमध्ये डिसेंबरात दुपार सरते न सरते तोच रस्त्यावरचे दिवे लागतात, हे मला घुग्घुसमध्ये बसून ठाऊक होतं. लाल बसच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट हवी असेल तर बस सुटते त्याच थांब्यावर जाऊन चढायचं, तिथली मोठमोठी संग्रहालयं फुकट असतात, नदीवरच्या कोणत्या पुलावर संध्याकाळी उभं राहायचं, हेही ठाऊक होतं. न पाहिलेल्या शहराबद्दल इतकं जाणणारी बाई आमच्या अख्ख्या वस्तीत मी एकटीच असेन. ते शहर मी अजूनही पाहिलेलं नाही. त्यामुळे हे प्रवासवर्णन लंडनचं नाही, सिरोंच्याचं आहे. पण सुरुवात लंडनपासूनच करावी लागेल, कारण लंडन झालं नाही म्हणून सिरोंचा झालं.

घुग्घुस

बेत माझा होता. माझी धाकटी बहीण रेखा चंद्रपूरला असते. तिचे यजमान रस्त्यांची कंत्राटं घेतात, दुबई-सिंगापूर त्यांचं केव्हाच पाहून झालंय. माझ्या नवऱ्याचं, प्रकाशचं, घुग्घुसला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि मी एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. मुलगी गौरी नववीत. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच राहते.

मागच्या दिवाळीत सगळे जेवायला बसलो असताना रेखा म्हणाली, "पुढच्या हिवाळ्यात सगळे मिळून फॉरेनले जाऊ. बोला, कुठी जायचं?"

"लंडन," मी म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. लहानपणी बाबांनी आणलेल्या बिस्किटांच्या डब्यावर लाल बसचं चित्र होतं, त्या डब्यात आईने पुढे कित्येक वर्षं मोहरी ठेवली. तेवढंच माझं लंडन.

"मंग ताई, प्लॅनिंग तुझ्याकडं. मले त्यातलं काई समजत नाई."

त्या दिवसापासून माझ्या मागे लंडन लागलं. शाळेतून आलं की चहा ठेवायचा आणि फोन उघडायचा. आमच्या घराजवळून कोळशाचे ट्रक जातात, त्यामुळे फोनच्या काचेवरही काळी पूड बसते. ती पदराने पुसून मी त्या चकचकीत रस्त्यांचे व्हिडिओ पाहायची. पोहणाऱ्या बदकांचा बगीचा कोणता, देवमाशाचा सांगाडा कुठे टांगलाय, दिव्यांची रोषणाई कोणत्या गल्लीत जास्त, सगळं मी 'चलो लंडन' नावाच्या आमच्या ग्रुपवर टाकायची. रेखा अंगठा दाखवायची. आई शेजारी बसून विचारायची, "तिथी लोकं सकाळी काय खातेत वं?" मी जाऊन आल्यासारखं सांगायची.

थंडी सुरू झाली तसे चंद्रपूरला रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाले आले. त्यांच्याकडून मी एक जॅकेट घेतलं, मरून रंगाचं, आत लोकरीचं अस्तर, डोक्यावर टोपी. घरी आणून आरशासमोर घातलं तेव्हा घामाने निथळले, तरी काढवेना. आईसाठी बूट घेतले. ती पातळाखाली बूट घालून अंगणात इकडून तिकडे चालायची आणि म्हणायची, "बैलाच्या पायाले नाल ठोकल्यासारखं वाटते."

मग व्हिसा आला. म्हणजे त्यांचा आला. आईचे कागद रेखाच्या यजमानांनी आपल्या कागदांसोबत लावले होते, तिचा खर्च तेच करणार होते, म्हणून आईचाही आला. आमचा तिघांचा नाकारला. प्रकाशने तो कागद दुकानातच फोनवर वाचला, मग घरी येऊन मला वाचून दाखवला. आम्ही परत येऊ याची त्यांना खात्री वाटत नव्हती.

"आता सांग," प्रकाश हसत म्हणाला, "मी घुग्घुस सोडून कुठी जाऊन राह्यलो होतो?"

त्याला हसू येत होतं. मला येत नव्हतं.

आता रेखा म्हणेल, ताई नाही तर आम्हीही नाही, दुसरीकडे कुठे जाऊ. मी वाट पाहत राहिले. तिचा फोन आला.

"ताई, तुले लई वाईट वाटून राह्यलं असन ना वं?"

"नाई. चालते."

"पाह्य ना, तिकिटं काढून झाली. लेकरं तर बॅगा भरून बसली." मग पुढे म्हणाली, "ताई, तो तुझा प्लॅन एकदा नीट करून पाठवशीन का? कोणत्या दिवशी कुठी जायचं, असं."

मी पाठवला. एकही गोष्ट लपवली नाही. पुढच्या सीटची युक्तीसुद्धा लिहिली. माझं लंडन कुणी चुकीचं पाहावं, हेही मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आईचं राहिलं होतं. ती ओसरीवर पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा सोलत बसली होती. खाली मान घालूनच म्हणाली, "मी जातो का वं?"

"जा ना."

"थंडी बाधन का मले?"

"नाई बाधत."

"मंग जातो," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

मी तिथेच उभी राहिले. तिने एकदा तरी 'तुझ्याबिगर कशी जाऊ' म्हणावं, मग मी आग्रह करावा, असं माझ्या मनात मांडून ठेवलेलं होतं. तिने ते म्हटलंच नाही. शेंगा सोलून झाल्या, तिने सालपटं गोळा केली आणि गायीला टाकायला उठून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी रेखा आईला न्यायला आली. आईची बॅग उघडून पाहिली आणि म्हणाली, "हे स्वेटर नाई पुरत. ताई, तुझं ते जॅकेट दे ना. तुले आता इथी काय लागते?"

खरंच होतं. घुग्घुसमध्ये मी ते घालून कुठे गेले असते?

शाळेची रजा मंजूर होती, प्रकाशने दुकानावर 'बंद' अशी पाटी लावली होती. ती काढायला तो निघाला तेव्हा पहिला फोटो आला. बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर आई बसली होती. माझ्या मरून जॅकेटमध्ये. तोंड थोडं उघडं, दोन्ही हात समोरच्या दांड्याला घट्ट. खाली रेखाने लिहिलं होतं, 'ताईच्या प्लॅनप्रमाणे!!' मी त्यावर बदाम टाकला. मग प्रकाशला म्हणाले, "पाटी राहू द्या. सिरोंच्याले जाऊ."

सिरोंचा हे आईचं गाव. आजोबा तिथे फॉरेस्ट गार्ड होते. आई दहाएक वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली, मग आजोबांची बदली सावली तालुक्यात झाली आणि तिचं सिरोंचा सुटलं ते सुटलंच. नदी, नदीतली वाळू, वाळूतली काकडी, एवढं ती सांगायची. वर्षातून एकदा तरी म्हणायची, "मले एकदा सिरोंच्याले ने वं." मी म्हणायची, रस्ता फार खराब आहे, पुढच्या वर्षी पाहू.

प्रकाश हातातला डबा खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिला. "आई आल्यावर जाऊ ना. तिलेच तं जायचं होतं."

"मले आत्ताच जायचं हाय."

तो समजला. मीही समजूनच बोलत होते. लंडनमधल्या खोलीत माझ्या जॅकेटात बसून आईने फोन पाहावा आणि तिला तिची नदी दिसावी, तिच्याशिवाय, एवढंच मला हवं होतं.

आष्टी

आमची जुनी गाडी, मागे पाण्याचा कॅन, गौरीच्या मांडीवर चिवड्याचा डबा. बल्लारपूर सुटलं की हवा बदलते. कोळशाची पूड मागे राहते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे पुंजणे, कापलेल्या धानाचे रचलेले ढीग, दिसायला लागतात. कापणी होऊन गेलेल्या बांध्यांत लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवंगार उगवलं होतं. सकाळचं ऊन त्यावर तिरकं पडलं होतं. सुंदर होतं. हे कबूल करायला मला त्या दिवशी फार जड गेलं.

गोंडपिपरीला पोहे खाल्ले. वरून तर्री अशी लाल की प्रकाशच्या कपाळावर घाम आला. पहिला घास घेते तर फोन वाजला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, तरी रेखाने कालच्या नाश्त्याचा फोटो टाकला होता, भाजलेला पाव आणि त्यावर टोमॅटोत शिजवलेले दाणे. 'आई म्हणते हे तर आपल्या वालासारखं, फक्त गोड करून बिघडवलं.'

आई असं म्हणते, हे आता मला रेखाकडून कळायचं होतं. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात माझ्या भाजीला नावं ठेवणारी बाई तिकडे बसून विनोद करत होती आणि माझी बहीण एकटीच हसत होती.

"पाहिलं का गं?" मी गौरीला विचारलं.

"नाई. मी ग्रुप म्यूट केला."

"कधी?"

"व्हिसा नाई आला त्या दिवशीच." तिने पोह्यांवर लिंबू पिळलं. "तू बी कर ना मम्मी."

चौदा वर्षांच्या पोरीला जमलं ते मला जमेना. आष्टीच्या पुलावर प्रकाशने गाडी उभी केली. खाली वैनगंगा, पाणी हिवाळ्यात आटलेलं, मधे मधे वाळूची बेटं, एका बेटावर कोणी डोंगा ओढून ठेवलेला. प्रकाश आणि गौरी कठड्याशी उभे राहून पक्षी पाहत होते. मी गाडीतच बसून पाहत होते की आज लंडनमध्ये कोणता दिवस आहे. माझ्या बेताप्रमाणे आज देवमासा होता.

आलापल्ली

आलापल्लीला रात्र काढली आणि सकाळी सिरोंच्याच्या रस्त्याला लागलो. तिथून पुढे जंगल दाट होतं. उंच सागवान, पानं अजून गळालेली नव्हती पण कडा तांबूस व्हायला लागल्या होत्या. थोड्याच वेळात फोनची रेंज गेली.

वाटलं होतं की आता सुटले. पण उलटंच झालं. फोटो दिसत होते तोवर निदान ते काय करतात हे कळत होतं. आता मी स्वतःच चित्रं काढायला लागले. रोषणाईच्या गल्लीत आई उभी आहे, रेखाने तिचा हात धरलाय, आई वर पाहते आहे. खऱ्या फोटोंपेक्षा ती जास्त बोचायची.

रस्त्याबद्दल आईला मी वर्षानुवर्षं जे सांगत आले ते खोटं नव्हतं. रस्ता कसला, खड्ड्यांना खड्डे जोडलेले. समोरून मोठे ट्रक यायचे आणि धुळीत आम्ही बुडून जायचो. एका मोठ्या दणक्यानंतर बॉनेटमधून वाफ निघायला लागली. प्रकाशने उतरून पाहिलं, पाण्याचा पाइप फाटला होता.

रस्त्यालगतच एक घर होतं, कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं, लख्ख. एक माडिया आदिवासी बाई उन्हात बसून आपल्या म्हाताऱ्या आईच्या केसांना तेल लावत होती. तिच्या नवऱ्याने आम्हाला पाणी दिलं, गाडीसाठीही दिलं. प्रकाश रबराची पट्टी काढून पाइपाला गुंडाळत बसला. त्या बाईने आम्हा मायलेकींना उकडलेला कंद दिला, सोबत मीठ आणि मिरची. त्याला धुराचा वास होता. गौरीने मागून घेतला.

"कुठी चालले, बाई?" तिने विचारलं. मराठी ती थांबून थांबून बोलायची, नवऱ्याशी गोंडीत.

"सिरोंच्याले."

"कोण हाये तिथी?"

"कोणी नाई."

"कोणी नाई?" तिचा तेलाचा हात थांबला. "मंग काऊन चालले?"

फिरायला, म्हणाले असते तर चाललं असतं. मी हातातल्या कंदाला मीठ लावत राहिले. ती पुन्हा आईच्या केसांकडे वळली. म्हातारी डोळे मिटून बसली होती, लेकीच्या गुडघ्याला पाठ टेकून. आमच्या घरात आईच्या केसांना दर रविवारी तेल मी लावते. लंडनला तो रविवार कुणी केला असेल? त्या अनोळखी बाईचाही मला हेवा वाटला. इतका की मी उठून गाडीकडे गेले आणि प्रकाशला म्हणाले, "झालं का? किती वेळ?"

"रबर तं नीट बसू दे," तो म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता, "परत जायचं का वंदना? अजून जमते."

"नाई."

सिरोंचा

सिरोंच्यात शिरलं की दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या शेजारी तेलुगू दिसायला लागते. चहाच्या टपरीवर इडली, आणि सोबतची चटणी अशी झणझणीत की पोह्यांची तर्री तिच्यापुढे गरीब. माणसं आमच्याशी मराठीत बोलायची आणि पाठ वळली की आपापसात तेलुगूत. आपल्याच राज्याच्या टोकाला येऊन आपण परदेशी झालो, याची गौरीला मोठी मौज वाटली.

संध्याकाळी नदीवर गेलो. प्राणहिता. आई सांगायची त्याहून रुंद. पलीकडचा काठ धुरकट निळा, मधे वाळू, पाणी इतकं शांत की वाहतं की नाही तेही कळू नये. मी प्रकाशला आणि गौरीला पाण्याशी उभं केलं, फोटो काढला, 'आईच्या सिरोंच्यात' असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकला. इथे रेंज होती.

मग वाट पाहिली. रेखाने पाहिलं. तिचं उत्तर आलं, 'मस्त!' बस, एवढंच. आईने पाहिलं का, काय म्हणाली, काही नाही. एवढ्या खड्ड्यांतून मी आले ते या एका शब्दासाठी नव्हतं. रात्रभर मनात तेच. सकाळी ठरवलं, नदीने भागत नसेल तर आईचं घरच शोधू.

डेपोजवळ फॉरेस्टचे जुने क्वार्टर होते म्हणे, आता तिथे नवं बांधकाम. टपरीवाल्याला आजोबांचं नाव सांगितलं, शेंडे गार्ड. त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो म्हणाला, "त्या गल्लीत पोचक्काले विचारा. तिच्यापेक्षा जुनं कोणी नाई."

पोचक्काचं घर कौलारू, अंगणात चिंचेचं झाड. दार तिच्या सुनेने उघडलं. सरिता नाव तिचं, माहेर अहेरीचं, म्हणून मराठी छान. मी सांगत होते की माझी आई, शेंडे गार्डांची मुलगी, लहानपणी इकडे राहायची, तेवढ्यात आतून म्हातारी आली. वाकलेली, नाकात दोन्हीकडे चमकी. तिने माझ्याकडे पाहिलं, जवळ आली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "सुमना?"

सुमन हे माझ्या आईचं नाव. आता तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

"सुमनची मुलगी," मी म्हणाले. सरिताने ते तेलुगूत सांगितलं. पोचक्काने माझे दोन्ही हात धरले आणि "रा, रा" करत मला आत ओढलं. ती भरभर बोलत होती, रडतही होती, पण रडण्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणत्यात, सुमन काऊन नाई आली?" सरिता म्हणाली.

"ती लंडनला गेली आहे. फिरायला."

सरिताने सांगितलं. म्हातारीने थोडा विचार केला आणि पुन्हा काही बोलली.

"म्हणत्यात, स्वतःले येनं जमलं नाई म्हणून तिनं तुमाले पाठवलं. चांगलं केलं."

प्रकाश माझ्याकडे पाहत होता. मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान डोलावली.

मग त्या घरात आईची पाठवलेली म्हणून माझं जे काही झालं ते सांगताना आजही मला संकोच वाटतो. पोचक्काने मला पाटावर बसवून गरम भात वाढला, त्यावर पप्पू म्हणजे तिकडचं घट्ट वरण, तूप, आणि अंबाडीच्या पानांचं लोणचं. अंबाडीची भाजी आपणही करतो, पण हे लोणचं आंबट, तिखट, लसणाने भरलेलं, जिभेला धरून ठेवणारं. मी नको म्हटलं की ती वाढायची. जेवण झाल्यावर माझा हात धरून तिने विहीर दाखवली. इथे सुमना आणि ती सकाळी पाणी भरायच्या. चिंचेची एक आडवी फांदी दाखवली, तिच्यावर दोघी बसायच्या. घाटाकडची पायवाट दाखवली. सरिता सांगत होती आणि मी ऐकत होते. एकेक जागा ती माझ्या हवाली करत होती. हे आईचं होतं. रेखा माझ्या बेतातून फिरत होती आणि मी आईच्या बालपणातून, आणि दोघींनीही ज्याचं होतं त्याला मागे ठेवलं होतं.

"फोन लाव," प्रकाश हळूच म्हणाला. "आता तरी लाव."

लंडनला सकाळ असणार होती. व्हिडिओ कॉल लावला. रेखाने उचलला आणि लगेच आईसमोर धरला. आई खिडकीशी खुर्चीवर बसलेली, अंगात माझं जॅकेट, मागे करड्या आभाळात एक चर्च.

तिने मला पाहिलं. कशी आहेस, नाही. जेवली का, नाही.

"तू सिरोंच्याले गेली म्हणे," ती म्हणाली. "मले न नेता."

खालचा ओठ किंचित हलला. तेवढंच. हाच चेहरा पाहायला मी घुग्घुसपासून आले होते. तो मिळाला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी फोन फिरवला आणि पोचक्कासमोर धरला.

पोचक्का काचेत डोकावली. तिकडून आई ओरडली, "पोचू!"

आणि माझी आई तेलुगू बोलायला लागली.

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तेलुगूचा एक शब्द मी ऐकला नव्हता. आधी ती अडखळत होती, शब्द शोधत होती. मग धरण फुटावं तशी बोलत सुटली. आवाजसुद्धा वेगळा, उंच, लाडावलेला. ती हसली तर ते हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं. रोज जिच्याशी भांडते, जिची औषधं काढून देते, ती बाई कुठे गेली आणि ही कोण बोलते आहे, मला कळेना. पोचक्का बोटाने काचेवरच्या तिच्या गालाला स्पर्श करायची आणि काच हलायची. मी फोन नीट धरायची. हात भरून आला म्हणून जरा खाली घेतला, तर म्हातारीने माझ्या मनगटावर चापट मारून तो परत वर केला.

"काय म्हणते आई?" मी सरिताला विचारलं.

"भांडून राह्यल्या," सरिता हसत म्हणाली. "कोणाचा तरी चांदीचा वाळा नदीत हरवला होता. दोघी म्हणत्यात दुसरीनं पाडला."

"माझ्याबद्दल काही म्हणते का?"

सरिताने थोडा वेळ कान देऊन ऐकलं. भली बाई. खोटं बोलता आलं असतं तिला.

"नाई," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल काई नाई."

तिकडून रेखाचे यजमान म्हणताना ऐकू आले की बोट सुटायची वेळ झाली. नदीतून शहर दाखवणारी बोट. माझ्या बेतातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, आधी तिकीट काढावं लागतं म्हणून मी रेखाला तीनतीनदा बजावलं होतं.

"आई, चाल ना वं," रेखा म्हणाली. "बोट जाईन."

आईने मानही वळवली नाही. "जा तुमी," ती म्हणाली आणि पुन्हा तेलुगूत शिरली.

तिकडे दार लागल्याचा आवाज आला. रेखाचे यजमान आणि लेकरं गेली. फोन धरायला कोणी तरी हवंच होतं, म्हणून रेखा थांबली. बोट तिची हुकली. मला आनंद झाला, लपवून काय करू. मग तिच्या हातातला फोन सरकला आणि कोपऱ्यात तिचा अर्धा चेहरा दिसला. ती आईकडे पाहत होती. तिच्या जागी मी उभी असते तर माझा चेहरा अगदी तसाच दिसला असता.

"ताई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "काय बोलून राह्यल्या वं ह्या?"

"मले काय माईत?"

"आईले हे येते, तुले मालूम होतं?"

"नाई. तुले?"

"नाई ना."

दोघी म्हाताऱ्या बोलत राहिल्या.

कॉल संपल्यावर सरिताने सांगितलं की उद्या याच वेळेला पुन्हा बोलायचं त्यांनी ठरवलंय. कुणाला विचारलं नाही, ठरवून टाकलं. पोचक्काकडे असा फोन नव्हता. म्हणजे मी थांबायचं. प्रकाशला म्हटलं, दुकान अजून एक दिवस बंद राहील. तो म्हणाला, राहू दे.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेआधीच चिंचेखाली जाऊन बसलो. पोचक्काने नवं लुगडं नेसलं होतं. कॉल लागला तशी ती आणि आई कालच्या वाळ्यावरूनच पुढे सुरू झाल्या. बराच वेळ गेला. एक सर आली असावी, आईच्या मागची खिडकी ओली दिसत होती.

"ताई," रेखाचा आवाज आला, "हात दुखून राह्यला का तुझा?"

"हो."

"माझाबी."

आम्ही दोघींनी एकाच वेळी हात बदलला, आणि इकडून पोचक्का, तिकडून आई, दोघी एकदम आमच्यावर ओरडल्या.